कळफलकाची ओळखपरेड

मुंबईहून औरंगाबादला निघालेल्या माणसाला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. मुंबई-भुसावळ मार्ग ब्रॉडगेज, आणि निजामाच्या राज्याकडे जाणारी मीटरगेज इथूनच सुरू व्हायची. नव्वदच्या दशकात औरंगाबादचा मार्ग रुंद झाला आणि सामान घेऊन फलाट गाठण्याची ती धांदल संपली. पण तोवर एकाच स्थानकात दोन गेज नांदले. मीटरगेजची गाडी आली म्हणून अख्ख्या स्थानकाचे रूळ अरुंद करा, असं कुणी म्हटलं नाही.

संगणकावर आपण रोज तेच करतो. भाषा मराठी केली की जोडलेली सगळी साधनं मराठी होतात. दुकानाच्या गल्ल्यावर याचा चांगलाच फटका बसतो, कारण बारकोड स्कॅनर हा संगणकाच्या लेखी बहुतेकदा यूएसबी कीबोर्डच असतो. रेघा वाचायच्या आणि त्यातली अक्षरं कळा दाबल्यासारखी पाठवायची, एवढंच त्याचं काम. गिऱ्हाइकाचं नाव इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत लिहून झालं आणि तसाच स्कॅनर चालवला, तर कोडमधला मोठा ‘के’ शिफ्टसकट येतो नि पडद्यावर ‘ख’ उमटतो. ‘जे’ असेल तर ‘ऱ’. माल सापडत नाही आणि खापर फुटतं स्कॅनरवर.

टायपिंग क्लासमध्ये हा प्रश्नच नव्हता. गोदरेजनं १९५५ साली देशी टाइपरायटर आणला, त्याच्या पुढच्या काही दशकांत क्लासेसमधून मराठीचं मशीन आणि इंग्रजीचं मशीन शेजारी शेजारी असे. मांडणी लोखंडातच ओतलेली. भाषा बदलायची तर खुर्ची बदलायची. संगणकानं ही सोय उगाच घालवली, असं माझं मत आहे. लिनक्सवर ती परत मिळवता येते. मात्र थोडी खटपट करावी लागते.

तिथं प्रत्येक साधनाला आधी आपली ओळख द्यावी लागते. यूएसबी साधन जोडताक्षणी दोन क्रमांक सांगतं, एक बनवणाऱ्याचा आणि एक उत्पादनाचा. लॉजिटेकचा ‘के १२०’ हा साधा कीबोर्ड घ्या. त्याची ओळख ०४६डी आणि सी३१सी. कर्नेल अशी यादी ठेवतं आणि ती वाचण्यासारखी असते, कारण त्यात लॅपटॉपचं पॉवर बटण आणि झाकणसुद्धा इनपुट साधन म्हणून मांडून बसलेलं दिसतं.

साधनं ओळखण्याचं काम करणाऱ्या ‘युडेव्ह’ला २०१२ साली हार्डवेअरची एक नोंदवही मिळाली, ‘एचडब्ल्यूडीबी’. तिची एक ओळ साधनाचं वर्णन करते: कोणत्या मार्गानं जोडलंय (यूएसबीला ०००३, ब्लूटूथला ०००५), कुणी बनवलंय, उत्पादन कोणतं. खालच्या ओळीत कळेचा बदल. यूएसबी कीबोर्डवरची कॅप्स लॉक ७००३९ हा संकेत पाठवते. त्यापुढे डावा कंट्रोल लिहिला की त्या कीबोर्डवर ती कंट्रोल होते, शेजारच्यावर नाही. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डला असा यूएसबी क्रमांक बहुधा नसतो, म्हणून त्याला बायोसमधल्या कंपनी-मॉडेलच्या नावानं हाक मारतात. मग नोंदवही नव्यानं बांधायची आणि साधनांना पुन्हा हजेरी द्यायला लावायची. क्रमांकातली इंग्रजी अक्षरं इथं मोठ्या लिपीत हवीत. साधनं दाखवणारी आज्ञा ती लहान लिपीत छापते. तशीच उतरवली तर काहीच घडत नाही, आणि चूक झाली असंही कुणी सांगत नाही. यंत्रणेचा हा मुखदुर्बळपणा मला अजिबात आवडत नाही.

पण ही वही कळा हलवते, अक्षरं नाही. ‘ही कळ कंट्रोल’ इथपर्यंत तिची सत्ता. ‘ही कळ क’ हे ठरवणारा थर वेगळा, ‘एक्सकेबी’. स्कॅनरला कायम इंग्रजी ठेवायचं तर एक्सऑर्ग या डिस्प्ले सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्याचे क्रमांक देऊन लेआउट नेमता येतो; ‘स्वे’ या विंडो व्यवस्थापकात तीच गोष्ट एका ओळीत होते, फक्त क्रमांक दशमान लागतात, म्हणजे ०४६डीचे ११३३. मोठे डेस्कटॉप मात्र निवडलेला लेआउट सगळ्यांवर लादतात. जीनोमच्या सेटिंगमध्ये तर कीबोर्डवार लेआउट मिळतच नाही.

कळा बदलायला ‘कीडी’ हा प्रोग्रॅम बराच सोपा. त्याच्या फाइलीच्या डोक्यावरच क्रमांक लिहायचे; सगळे हवेत तर तारा, एखादा वगळायचा तर क्रमांकाआधी उणे चिन्ह. गोम एवढीच की तो पकडलेल्या साधनांच्या कळा स्वतःच्या एका आभासी कीबोर्डमधून पुढे सोडतो. स्कॅनर त्याच्या ताब्यात गेला की वरच्या थराला कीबोर्ड आणि स्कॅनर यांतला फरक दिसेनासा होतो. तेव्हा उणे चिन्ह स्कॅनरसाठी राखून ठेवावं.

या सगळ्या ओळखीला एक मर्यादा आहे. क्रमांक मॉडेलचा असतो, नगाचा नव्हे. एकाच खोक्यातून आलेले दोन कीबोर्ड, एक मराठीला नि एक इंग्रजीला, असं ठरवलं तर लिनक्सला ते जुळे दिसतात. कोणत्या पोर्टला जोडलंय यावरून युडेव्ह त्यांना वेगळं काढू शकतो, पण झाडलोट करताना कुणी वायरींची अदलाबदल केली की मराठी उजवीकडून डावीकडे जाते. त्यापेक्षा दुसरा कीबोर्ड वेगळ्या कंपनीचा घ्यावा.