फोटो का अडकतो? अपलोडचा वेग ओळखा

पीक पाहणीची मुदत संपत आलेली असते. तुम्ही बांधावर उभे राहून सोयाबीनचा फोटो काढता आणि मोबाईलवरचे ते गोल चक्र नुसते फिरतच राहते. त्याच जागी, त्याच मोबाईलवर व्हिडिओ मात्र धडाधड चालतो. मग आपण म्हणतो, "नेट चालू आहे, म्हणजे सरकारचे ॲपच बंद पडले!" कधी तसे असतेही. पण पुष्कळदा दोष असतो अपलोडच्या वेगाचा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद फोटोसह आपणच करायची. ती सातबाऱ्यावर आली नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी हेलपाटे आपल्यालाच पडतात. म्हणून हा विषय समजून घेतलेला बरा.

नेटवरून आपल्याकडे येते ते डाउनलोड. आपल्याकडून जाते ते अपलोड. डाउनलोड म्हणजे पाटाचे पाणी, उताराने येणारे. अपलोड म्हणजे उपसा. तिथे मोटारीची ताकद लागते. टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो, तर आपला फोरजी मोबाईल जास्तीत जास्त पाव वॅटच्याही आत, साधारण ०.२ वॅटने. शिवाय लोक पाहतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून कंपन्याही डाउनलोडला मोठा वाटा देतात. त्यामुळे टॉवरपासून लांब गेलात की आधी मान टाकतो तो अपलोड.

हे खेड्यातलेच दुखणे आहे असे समजू नका. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी तालुक्यात वर्सोवा आहे. परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल तिथल्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. म्हणजे नेटचे धरणच म्हणा ना! पण शेजारच्या कोळीवाड्यात दाट घराच्या आत बसून कोणी मोबाईलवरून फोटो पाठवू लागला, तर त्याच्या कामी येणार ती फोनपासून टॉवरपर्यंतची वाट. ती अरुंद असेल तर केबल दाराशी असून काय उपयोग? उलट मुलुंड, घाटकोपरला ज्या घरात थेट फायबर आली आहे, तिथे अनेक योजनांत येण्या-जाण्याचा वेग सारखा मिळतो. धरणाशेजारी राहून रान कोरडे असणारे आणि टेलला असून भिजणारे, दोघेही आपण पाहिलेत. चारी कशी आहे, यावर सारे असते.

आता मोजमाप. पॅकमधले जीबी म्हणजे टीएमसी, एकूण किती ते. एमबीपीएस म्हणजे क्युसेक, दर सेकंदाला किती ते. इथे एक गफलत होते. फोटोचा आकार बाइटमध्ये असतो, वेग बिटमध्ये. आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ४ एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. अपलोड १ एमबीपीएस असेल तर ३२ सेकंद, पाव एमबीपीएस असेल तर दोन मिनिटांहून जास्त. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हाच्या ९.६ केबीपीएसने हाच फोटो पाठवायला पाऊण तासाहून जास्त लागला असता!

वेग मोजायला दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मायस्पीड ॲप २०१६ पासून आहे. चाचणीत फोन आधी दूरच्या संगणकाला हाक मारतो. उत्तर यायला लागलेला वेळ म्हणजे पिंग. मग डाउनलोड, शेवटी अपलोड. अपलोडसाठी फोन काही सेकंद निरुपयोगी माहिती जोराने पाठवतो आणि पोचलेले बिट भागिले सेकंद असा हिशोब होतो. चाचणीचा डेटाही पॅकमधून जातो, हे ध्यानात ठेवा.

चाचणी घ्यायची ती जिथून फोटो पाठवायचा, तिथेच. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा घ्या, कारण संध्याकाळी सगळेच पाटावर असतात. त्या वेळी फोटो आपोआप साठवण्याची सोय बंद ठेवा. घरात वेग पडत असेल तर बाहेर, उंचवट्यावर जाऊन बघा.

ग्रामसेवक आणि संगणक चालकांना एक विनंती. ग्रामपंचायतीचे कनेक्शन तपासताना संगणक वायरने थेट मोडेमला जोडा, म्हणजे वायफायचा दोष मधे येत नाही. वहीत तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड आणि पिंग लिहून ठेवा. "नेट चालत नाही" या तक्रारीला वजन नसते. पंधरा दिवसांच्या आकड्यांना असते. तक्रार केल्यावर तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

आणि नवे कनेक्शन घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारा, "अपलोड किती?" जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग २ एमबीपीएस केला, पण तो डाउनलोडचा. अपलोडचा आकडा त्या व्याख्येत नाही. तेव्हा तो आपणच विचारायचा आणि आपणच मोजायचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नव्हे, आजच.