अंगणवाडी : सामूहिक बालसंगोपनाचा एक ग्रामीण प्रयोग

काचीगुड्यातील आई तेलुगू भाषिक असो वा उर्दू भाषिक, लहान मुलांच्या सरकारी केंद्राला ती ‘अंगणवाडी’ असेच म्हणते. हा शब्द मराठी असून त्याचे मूळ तत्कालीन ठाणे (आजच्या पालघर) जिल्ह्यातील बोर्डी या गावी आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गावात बालवाडी उघडली, परंतु दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. शिंपले, बिया, पाने हीच शैक्षणिक साधने झाली आणि आंघोळ, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग ठरला.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये गेले. तेथे वेगळीच अडचण समोर आली. आईवडील मजुरीला गेले की तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे येई आणि तिची शाळा बुडे. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. ही ‘विकासवाडी’ होय. धाकटे पाळण्यात, थोरली वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. मुलींच्या गळतीची चर्चा करताना ‘धाकट्याला कोण सांभाळते?’ हा प्रश्न आजही क्वचितच विचारला जातो.

इस्रायलमधील किबुत्झ या सहकारी शेतवसाहतींत मुले रात्रीही सामूहिक बालगृहात झोपत. १९९४ साली आवी सागी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा तान्ह्या मुलांमध्ये आईशी असलेले सुरक्षित भावबंध कमी प्रमाणात आढळले. दिवसा बालगृहात व रात्री घरी राहणाऱ्या मुलांची स्थिती बरीच चांगली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस रात्रीच्या मुक्कामाची ही प्रथा जवळजवळ संपली. कोसबाडला संगोपन वाटून घेतले गेले, पण मूल संध्याकाळी आपल्याच घरी परतत असे. हा फरक लहान नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. मात्र तेथील सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले.