हॅमस्टरला आपल्या बाजारातलं काय चालतं?

जुन्नर-आंबेगावात ताज्या भाजीला तोटा नाही, पण हॅमस्टरला सगळंच चालत नाही. रोजचं मुख्य खाणं त्याच्या पेलेट्सचंच हवं, जोडीला थोडी बाजरी किंवा राळा. सूर्यफुलाच्या बिया तो आवडीने फस्त करतो. त्यांत चरबी फार, म्हणून एखाद-दुसरीच द्या. काकडी, गाजर, कोथिंबीर नखाएवढी पुरे. नारायणगावचा पिकलेला टोमॅटो अधूनमधून चालेल, त्याचा देठ-पाला मात्र विषारी. मंचरचा कांदा, लसूण, सातगाव पठारचा कच्चा बटाटा अजिबात नको! जुन्नरची गोड द्राक्षं ड्वार्फ जातीला देऊच नका, तिला मधुमेहाचा धोका जास्त. हा प्राणी गालात भरून खाणं घरट्यात साठवतो. त्यामुळे रात्री दिलेली भाजी सकाळी शोधून काढून टाका, ती सडते.