मोबाइलमधल्या पुस्तकावर कर किती?



घरातली लेक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसली आहे. हवे ते पुस्तक तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. ती म्हणते, "आबा, मोबाइलवर मिळतंय. पैसे भरले की लगेच वाचता येतं." तुम्ही पैसे भरता. पण त्या रकमेत पुस्तकाचे किती आणि कराचे किती, हे कधी पाहिलेत का?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी सुरू झाला. छापील पुस्तकाला त्यातून सूट मिळाली. तेच पुस्तक मोबाइलवर घेतले, तर मात्र १८ टक्के कर पडू लागला. मजकूर तोच, लेखकही तोच. मग हा भेद कशासाठी? कायद्याच्या नजरेत कागदाचे पुस्तक ही वस्तू आहे आणि मोबाइलवर येणारे पुस्तक ही सेवा. खाते बदलले, म्हणून कर बदलला.

पुढे २७ जुलै २०१८ पासून हा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. पण त्याला एक अट आहे. ज्या पुस्तकाची छापील प्रत आहे, त्याच्याच ई-पुस्तकाला ही सवलत. जे केवळ मोबाइलसाठीच तयार झाले, ते १८ टक्क्यांतच राहिले. कितीतरी विद्यार्थी नुसत्या नोट्स किंवा सराव परीक्षांसह पूर्ण वर्ग विकत घेतात. त्यांनी ही अट ध्यानात ठेवावी.

आता हिशेब मांडू. ई-पुस्तकाची मूळ किंमत २०० रुपये धरा. १८ टक्क्यांनी ते २३६ रुपयांना पडते, ५ टक्क्यांनी २१० रुपयांना. फरक २६ रुपयांचा. अशी दहा पुस्तके घेतली, तर २६० रुपये वाचतात.

पण थांबा! कर उतरला म्हणजे भाव आपोआप उतरतो, असे नाही. मूळ किंमत विकणाऱ्याच्या हातात असते. त्याने २३६ रुपये हाच भाव कायम ठेवला, तर ५ टक्के दराने त्यातला कर सुमारे ११ रुपये होतो आणि उरलेले २२५ रुपये त्याच्याकडे जातात. कर उतरूनही तुमच्या हाती काहीच येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टर घेताना आपण जुना-नवा भाव ताडून पाहतो. तीच सवय पुस्तकालाही लावावी.

छापील पुस्तकावर कर नाही म्हणून ते स्वस्तच असेल, हाही भ्रम नको. प्रकाशक कागदावर कर भरतो. पण पुस्तक करमुक्त असल्याने तो कर त्याला परत मिळत नाही, साहजिकच किमतीत मिसळतो. त्याच २२ सप्टेंबरला शाळेच्या वह्या करमुक्त झाल्या, पण छपाईच्या बहुतेक कागदावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले!

तेव्हा पैसे भरण्याआधी लेकीला तीन गोष्टी पाहायला सांगा. एक, या पुस्तकाची छापील प्रत आहे का आणि ती केवढ्याला? दोन, बिलात कर किती टक्के लावला आहे? छापील प्रत असलेल्या नुसत्या ई-पुस्तकावर १८ टक्के दिसले, तर विक्रेत्याकडे विचारणा करा. तीन, बिलावर जीएसटी क्रमांक आहे का? ज्याची नोंदणीच नाही, त्याला हा कर घेता येत नाही.

आणि शेवटचे. कागदाचे पुस्तक थोरलीने वाचले की धाकटीला मिळते, मग शेजारच्या घरी जाते. मोबाइलमधले पुस्तक बहुधा एकाच खात्यापुरते असते; दुसऱ्याला देता येत नाही. मात्र टपालाचा आणि तालुक्याच्या फेरीचा खर्च ते वाचवते. हा हिशेब बिलात छापलेला नसतो. तो घरातच मांडावा लागतो. बियाणे घेताना आपण पिशवीची चारही अंगे वाचतो. लेकीच्या पुस्तकाचे बिलही तसेच वाचा.