धावऱ्याची कड कुठवर गेली?

नांदगाव तालुका मुळात कमी पावसाचा. पण श्रावण-भाद्रपदात जो काही पाऊस पडतो, त्याच दिवसांत लाल कांद्याची लागवड चालते. वाफ्यातल्या चिखलात दिवसभर वाकून रोपं लावणाऱ्या बायांच्या पायांची बोटं संध्याकाळी पांढरीफटक पडलेली असतात. बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी फाटते, खाज सुटते. हा काही आजार नव्हे असंच सगळे धरून चालतात. पायाच्या एका गंभीर जंतुसंसर्गाचा दरवाजा मात्र बहुतेकदा याच भेगेत असतो.

पुढची हकीकत डॉक्टरांच्या ओळखीची असते. अचानक हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत अवधाण येतं आणि काही तासांत नडगीवर लालभडक, गरम, दुखरा चट्टा उमटतो. जुनी माणसं याला धावरे म्हणतात, आयुर्वेदात तो विसर्प. साखळी करून वाढणारे स्ट्रेप्टोकॉकस जंतू त्यामागे असतात, हे जर्मन डॉक्टर फ्रिडरिश फेलायझेन यांनी 1880च्या दशकात दाखवून दिलं. त्याआधी युरोपातल्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत हा रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाई आणि चांगली झालेली शस्त्रक्रियाही वाया जाई.

त्वचेच्या अशा संसर्गांची वर्गवारी प्रामुख्याने खोलीवर ठरते. धावरे त्वचेच्या वरच्या थरात आणि तिथल्या लसीकावाहिन्यांत पसरतं. म्हणून त्याची कड उंचावलेली आणि स्पष्ट असते, बोट फिरवलं तर हाताला लागते. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. सेल्युलायटिस त्याहून खोल, त्वचेखालच्या चरबीपर्यंत जातो आणि त्याची कड आजूबाजूच्या कातडीत विरून जाते. चेहऱ्यावरची लाली कानाच्या पाळीवर पोचली असेल, तर डॉक्टर धावऱ्याकडे झुकतात, कारण कानाला खालचा चरबीचा थर जवळजवळ नसतोच. पायावर मात्र दोन्ही आजार एकमेकांत मिसळलेले आढळतात आणि उपचारही बरेचसे सारखेच असतात.

पू झाला की गोष्ट बदलते. गळवामागे बहुधा स्टॅफिलोकॉकस नावाचा दुसरा जंतू असतो, आणि तिथे चीर देऊन पू काढणं हाच मुख्य इलाज. पू आतच ठेवून नुसत्या गोळ्या घेत राहण्यात अर्थ नाही.

सर्वांत भयंकर प्रकार चरबीच्याही खाली, स्नायूंवरच्या आवरणात घडतो. त्याला नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. यात मांस आतून मरत जातं आणि वरची कातडी सुरुवातीला फारशी बिघडलेली दिसत नाही. म्हणून नुसत्या दिसण्यावर जाऊ नये, वेदनेवर जावं. डाग लहान पण माणूस कळवळतोय, कातडी निळीकाळी पडतेय, फोड येताहेत, दुखणारा भाग बधिर होतोय, रुग्ण बरळतोय, यांतलं काहीही दिसलं तर ते शस्त्रक्रियेचं काम आहे, आणि तेही काही तासांच्या आत. चरकसंहितेत विसर्पाचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या कर्दम विसर्पाचं वर्णन चिखलासारखं झालेलं, गळून पडणारं मांस आणि प्रेतासारखा वास असं आहे. आजच्या सर्जनला ते वाचताना हा रोग आठवल्याशिवाय राहणार नाही.

साध्या धावऱ्याचा इलाज मात्र स्वस्त आहे. पेनिसिलिन किंवा त्याच्या जवळची औषधं पुरतात. ऐंशी वर्षं वापरूनही धावऱ्याचा जंतू पेनिसिलिनला बधत आला आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या आजच्या काळात ही मला मोठीच दिलाशाची गोष्ट वाटते. गुंतागुंत नसेल तर बहुतेकांना पाच दिवसांचा कोर्स पुरतो, सुधारणा कमी वाटली तर डॉक्टर तो वाढवतात. पूर्वी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधीच सांगावं. पाय उंचावर ठेवल्याने सूज लवकर उतरते. लालीच्या कडेवर पेनाने रेघ मारून शेजारी तारीख-वेळ लिहावी. औषध सुरू झाल्यावर पहिले एक-दोन दिवस लाली रेघेबाहेर थोडी जाऊ शकते, पण ताप आणि वेदना उतरायला हव्यात. गेरूचा किंवा चुन्याचा लेप लावला की ही कड दिसेनाशी होते, आणि मंतरून घेण्यात जो वेळ जातो तो याच आजारात सर्वांत महाग पडतो. दोन्ही पाय एकाच वेळी लाल झाले असतील, तर तो बहुधा हा संसर्ग नसून शिरांचा किंवा त्वचेचा वेगळा विकार असतो. तिथे प्रतिजैविकं उपयोगाची नाहीत.

एकदा झालेलं धावरे पुन्हा होऊ शकतं, कारण प्रत्येक झटक्यात लसीकावाहिन्यांची थोडी हानी होते आणि सूज मागे राहते. हत्तीरोगाच्या रुग्णांना तर हे झटके वारंवार येतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या एका अभ्यासात पुन्हापुन्हा सेल्युलायटिस होणाऱ्यांना वर्षभर पेनिसिलिनच्या कमी मात्रेच्या गोळ्या दिल्या. गोळ्या घेणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांना तो परत झाला, न घेणाऱ्यांपैकी 37 टक्क्यांना. हा निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाला, आणि गोळ्या थांबल्यावर फायदा ओसरला हेही त्यातच नोंदवलं आहे. 2020 साली ऑस्ट्रेलियातून आलेला निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. पायावर कायमची सूज असलेल्यांनी दाब देणारे मोजे-पट्ट्या वापरल्यावर हा त्रास 15 टक्क्यांना परत झाला, न वापरणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांना. अर्थात रक्तपुरवठा तपासून घेतल्याशिवाय असे मोजे घालू नयेत.

नांदगावपासून नाशिकची मोठी रुग्णालयं जवळपास शंभर किलोमीटरवर. वेदना हाताबाहेर जात असतील तर सकाळची वाट न बघता 108 वर फोन करावा. आणि या पावसाळ्यात घरातल्या मधुमेही माणसाच्या पायांच्या बेचक्या रोज रात्री उजेडात बघा. पाय धुऊन कोरडे करा, चिखल्यांवर बुरशीचं औषध डॉक्टरांना विचारून लावा, दुकानातून मिळणारं स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नका.