कानाचे मशीन घेण्यापूर्वी

गिरणीच्या लूमखात्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तीस-तीस वर्षे राबलेली माणसे आपल्या घराघरात आहेत. उतारवयात त्यांना कमी ऐकू येते. सून विचारते एक, सासरे उत्तर देतात दुसरेच. पोरे हसतात. हळूहळू म्हातारा बोलणेच सोडतो. वर घरचे म्हणतात, "त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!" हा आरोप अन्यायाचा आहे, असे आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते.

सततच्या खडखडाटाने कानातल्या नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. 'आ', 'ओ' ऐकू येतात. 'स', 'फ', 'थ' निसटतात. साठ म्हटले की पाठ वाटते. म्हणजे आवाज येतो, शब्द कळत नाही. ओरडून ही तूट भरत नाही.

फुटपाथवरचे स्वस्त मशीनही तेच करते. माणसाच्या बोलण्याबरोबर भांडी, पंखा सगळेच मोठे करते. आठ दिवसांत ते कपाटात पडते. म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. कधी नुसता मळच असतो! अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. मग ऑडिओमेट्री करावी. तो आलेखाचा कागद रेशनकार्डासारखा जपावा, कारण डिजिटल मशीन त्यावरूनच कानाला जुळवतात.

दुकानदार कानात लपणारे मशीन पुढे करतो. पण ज्या बोटांना सुईत दोरा ओवता येत नाही, त्यांना तो एवढासा सेल कसा बसवता येणार? कानामागे अडकवायचे मशीन हाताळायला सोपे. सेलवरची पट्टी एकदा काढली की मशीन बंद असले तरी तो उतरत जातो. तेव्हा महिन्याचा सेलखर्चही विचारावा. लाज कसली? चष्मा घालतोच की आपण.

उत्पन्न कमी असेल आणि अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक असल्याचा दाखला असेल, तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकते. मुंबईकरांनी वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करावी. ही संस्था 1983 पासून याच कामात आहे.

मशीन आले तरी पहिले काही आठवडे कानाला सवय लागू द्यावी. सुरुवातीला घरात तास-दोन तास लावावे. बोलणाऱ्याने समोर, उजेडात बसून सावकाश बोलावे, आणि त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा.