आयसिंगच्या कुकीज : मोल मैद्याचे नव्हे, हाताचे!

रमजान ईद जवळ आली की नानखटाईचे पत्रे भरून मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीवर नेण्याची चाल मुंबईत जुनी आहे. आता घरोघरी ओव्हन आले आणि नानखटाईच्या जोडीला साखरेची नक्षी काढलेल्या चाँद-ताऱ्याच्या कुकीजनाही मागणी येते. आमच्या अनेक भगिनी हे काम घरबसल्या करू शकतात. मात्र नानखटाईप्रमाणे किलोचा भाव लावला, तर मेहनत फुकट जाईल.

प्रथम माल पाहू. ३५० ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम पिठीसाखर आणि एक अंडे एवढ्यात मध्यम आकाराच्या सुमारे २४ कुकीज होतात. बेकिंग पावडर टाळावी. ती फुगते आणि चाँदाची टोके बिघडतात. लाटून कापलेल्या कुकीज अर्धा तास थंड कराव्यात, मग १८० अंशांवर १० ते १२ मिनिटे भाजाव्यात. पूर्ण निवाल्याशिवाय आयसिंग लावू नये. ते वितळून ओघळते.

आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि आयसिंग शुगर. दोन बलकांना साधारण ४५० ग्रॅम साखर लागते. कच्च्या बलकापेक्षा त्याची तयार पावडर वापरणे सुरक्षित. कडेची रेघ घट्ट आयसिंगने काढावी, आतला भाग पाण्याचे थेंब घालून सैल केलेल्या आयसिंगने भरावा. मेंदीचा कोन चालवणाऱ्या हाताला हे हुन्नर लवकर साधते. नक्षी रात्रभर उघड्यावर, पंख्याखाली सुकू द्यावी. फ्रिजमध्ये ठेवल्यास ओल धरून रंग पसरतात. पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ लागतो, म्हणून ऑर्डर एक दिवस आधीच हाती घ्यावी.

आता हिशोब. एका कुकीच्या नक्षीला पाच मिनिटे धरली, तरी २४ कुकीजना दोन तास लागतात. मळणे, लाटणे, भाजणे, डबे भरणे वेगळे. पुष्कळ जणी मैदा, लोणी, साखर आणि वीज एवढेच मोजतात. स्वतःचे तास मोजत नाहीत. दुकानात कारागीर ठेवला तर त्याला मजुरी द्यावी लागते; मग घरच्या बाईची मजुरी शून्य कशी? म्हणून दर नगावर ठरवावा. त्यात माल, वीज, डबा, मोडतोड आणि तासांची मजुरी धरून वर नफा घ्यावा. नाजूक नक्षीला दर चढता असावा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

गिऱ्हाइकाचा विश्वास हेही भांडवलच आहे. काही लाल रंग कोचिनील किड्यापासून बनतात, फॉन्डंटमध्ये जिलेटिन असू शकते, काही इसेन्समध्ये अल्कोहोल असते. म्हणून प्रत्येक बाटलीवरचा मजकूर वाचूनच माल घ्यावा आणि विचारणाऱ्याला स्पष्ट उत्तर द्यावे. आपल्या कायद्याप्रमाणे अंडे मांसाहारी गणले जाते. तेव्हा अंडे असलेल्या कुकीजच्या डब्यावर हिरवी खूण लावता येत नाही. घरून विक्री करणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा कायदा २००६ खाली नोंदणी करावी लागते. ती आधीच करून घ्यावी.

पहिल्या ऑर्डरीपासून तासांची वही ठेवा. पुढच्या ईदला दर सांगताना तीच वही कामी येईल.